एंट्री का आटल्या? एका रायडिंग क्लबच्या हॉर्स शोचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या रायडिंग क्लबचं आहे. क्लबचं नाव, ठिकाण, माणसं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. घोड्यांतलं कळणारं, पण क्लबच्या कुठल्याच गटात नसलेलं कुणीतरी असावं म्हणून कार्यकारिणीने मला बैठकांना बसवून घेतलं होतं. त्यामुळे यातलं बरंचसं डोळ्यांदेखत घडलेलं आहे, थोडं इतिवृत्तातून घेतलं आहे आणि उरलेलं संबंधितांनी सांगितलेलं आहे.

क्लबची ओळख म्हणजे त्याचा वार्षिक हॉर्स शो. दोन दिवस, दोन रिंगणं. एकात उड्यांच्या स्पर्धा, दुसऱ्यात शो क्लास. हा फरक आधी नीट सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. उडीच्या स्पर्धेत दांडी पडली की पडली, आणि वेळ घड्याळ सांगतं. शो क्लासमध्ये असं काही नसतं. एका प्रकारात घोडा हातात धरून जजपुढे उभा करतात आणि त्याचा बांधा, चाल, तुकतुकी, रुबाब बघतात. दुसऱ्या प्रकारात खोगिरावर बसून साधी चाल, दुडकी, कँटर (म्हणजे मध्यम वेगाची दौड) दाखवतात आणि घोडा किती शांत, किती आज्ञेत आहे ते बघतात. इथे जजची नजर हेच माप. साहजिकच जजला जे आवडतं तसे घोडे घडवले जातात, आणि ते एका शोपुरतं नसतं, पिढ्यानपिढ्या चालतं.

शोच्या एंट्री फीमधून उरणाऱ्या पैशांवर क्लबच्या शिकवणीच्या घोड्यांचा चारा आणि नालबंदी बऱ्यापैकी निघायची. म्हणून एंट्री आटणं हा प्रतिष्ठेचा प्रश्न होता तसाच पोटापाण्याचाही होता.

अडचण

काही वर्षं एंट्री हळूहळू घटत होत्या आणि कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. मग एका वर्षी खोगिरावरच्या मुख्य क्लासमध्ये रिंगणात तीनच घोडे आले. तिघांनाही रिबन मिळाली. बक्षीस समारंभात टाळ्या वाजल्या, पण चेहरे ओशाळलेले होते. त्यानंतरच्या बैठकीत विषय पहिल्यांदा विषयपत्रिकेवर आला.

कार्यकारिणीची तीन उत्तरं तयार होती: मुलं मोबाइलमध्ये अडकली आहेत, खर्च वाढला आहे, आणि आताच्या मुलांना हार सोसत नाही. यातलं खर्चाचं खरं होतं. घोडा गाडीत चढवून आणायचा, रात्री परक्या तबेल्यात ठेवायचा, आदल्या दिवशी आंघोळ घालायची, पहाटे उठून आयाळीच्या वेण्या घालून दोऱ्याने शिवायच्या, खुरांना तेल चोळायचं. तयार झालेला घोडा मातीत लोळला तर सगळं पाण्यात, म्हणून त्याला कोंडूनच ठेवायचं. आणि एवढं सगळं रिंगणातल्या पाच-सात मिनिटांसाठी.

पण मोबाइल आणि हार या दोन्ही स्पष्टीकरणांना छेद देणारी एक गोष्ट क्लबच्याच रजिस्टरमध्ये होती. रायडिंग शिकायला येणाऱ्यांची प्रतीक्षा यादी अजिबात कमी झालेली नव्हती. म्हणजे माणसं घोड्याकडे येत होती, शोकडे वळत नव्हती. हे दोन आकडे वेगवेगळ्या माणसांकडे असायचे, शिकवणीचं रजिस्टर प्रशिक्षकाकडे आणि एंट्रीचं सचिवांकडे. ते कुणी शेजारी ठेवून पाहिलेच नव्हते.

त्याच सुमाराची एक घटना. क्लबमधल्या चांगल्या रायडर्सपैकी एक शाळकरी मुलगी शोच्या आदल्या संध्याकाळी तिच्या पोनीची तयारी करत होती. प्रशिक्षक क्लिपर घेऊन आले आणि पोनीच्या ओठांभोवतीचे, डोळ्यांभोवतीचे लांब राठ केस काढायला लागले. जुनी रीत, थोबाड कसं रेखीव दिसतं त्याने. मुलीने पोनीचं तोंड बाजूला घेतलं. ती म्हणाली, "सर, हे केस तो चाचपायला वापरतो. नाकाखालचं त्याला दिसत नाही." सरांनी सांगितलं की केस ठेवले तर मार्क जातील. त्यावर तिचं उत्तर तयार होतं: आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने, म्हणजे एफईआयने, १ जुलै २०२१ पासून हे केस कापलेल्या घोड्यांना आपल्या स्पर्धांत बंदी घातली आहे, मग आपण का कापतो? सरांपाशी उत्तर नव्हतं. मुलीने एंट्री मागे घेतली. कार्यकारिणीपर्यंत ही गोष्ट 'शिस्तीचा प्रश्न' म्हणून पोहोचली आणि तशीच इतिवृत्तात नोंदली गेली.

माझ्या मते अख्खं प्रकरण त्या एका नोंदीत होतं. मुलीला घोडा वाचता येत होता, तो वाचायला क्लबनेच तिला शिकवलं होतं, आणि शोमध्ये नेमकं तेच विसरायची तिच्याकडून अपेक्षा होती.

बाहेरचं वारं

बैठकीत एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले की ऑलिंपिकमध्ये काय होतं त्याचा आपल्या शोशी काय संबंध. संबंध होता. टोकियो ऑलिंपिकच्या मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये, म्हणजे पाच खेळ मिळून होणाऱ्या स्पर्धेत, ऑगस्ट २०२१ मध्ये, जर्मनीची अनिका श्लॉय आघाडीवर असताना चिठ्ठीत तिच्या वाट्याला आलेला सेंट बॉय हा घोडा उडी मारायला तयार होईना. या खेळात अनोळखी घोडा मिळतो आणि त्याच्याशी ओळख करून घ्यायला वीस मिनिटं. रडत रडत चाबूक वापरणारी रायडर आणि घोड्याला मुठीने मारणारी प्रशिक्षक हे दृश्य जगभर पाहिलं गेलं. प्रशिक्षक किम राइस्नर यांना स्पर्धेतून बाद केलं गेलं. पुढे या खेळाच्या जागतिक संघटनेने घोडेस्वारीच काढून टाकायचा निर्णय घेतला. १९१२ पासून पेंटॅथलॉनमध्ये असलेली घोडेस्वारी पॅरिस २०२४ ला शेवटची दिसली. लॉस एंजेलिस २०२८ पासून तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत आहे.

एक खेळ घोडा सोडून देऊ शकतो, हे तोवर कुणाच्या कल्पनेत नव्हतं. एफईआयने २०२२ मध्ये अश्वकल्याण आणि नैतिकतेसाठी स्वतंत्र आयोग नेमला तो याच धास्तीतून. आणि जुलै २०२४ मध्ये, पॅरिस ऑलिंपिक तोंडावर आलेलं असताना, ब्रिटनची ड्रेसाजमधली, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेतली, सुवर्णपदक विजेती शार्लट ड्युजार्डिन हिने माघार घेतली. शिकवणीच्या वेळी घोड्याच्या पायांवर वारंवार चाबूक मारतानाचा तिचा जुना व्हिडिओ बाहेर आला होता. पुढे तिला एक वर्षाची बंदी आणि दंड झाला.

क्लबच्या कठड्याला टेकून उभे राहणारे पालक हे सगळं फोनवर पाहत होते. त्यांचे डोळे बदलले होते. पूर्वी घोड्याच्या तोंडाला फेस आला, शेपटी फटकारली, कान मागे गेले, तर 'गरम डोक्याचा आहे' म्हणून सोडून दिलं जायचं. आता कुणीतरी विचारायचं की त्याला दुखतंय का.

कारण शोधताना

पहिली पायरी चुकीच्या दिशेला पडली. सचिवांनी सदस्यांना एक फॉर्म पाठवला: शोला न येण्याचं कारण फी, अंतर, तारीख की इतर? बहुतेकांनी 'फी'वर खूण केली. फॉर्ममध्ये जे विचारलं तेच उत्तरात आलं. फी कमी करायचा ठराव जवळजवळ झालाही होता.

मी सुचवलं की पूर्वी सलग एंट्री घालून मग थांबलेल्यांना फोन करावेत, कारणांची यादी न देता नुसतं विचारावं की हल्ली घोड्याबरोबर काय करता. खजिनदार बाईंनी हे काम अंगावर घेतलं. त्यांना गप्पा मारायला आवडतं आणि कुणावर रागवता येत नाही. या कामाला नेमकं असंच माणूस लागतं.

फोनमधून जे आलं ते कुणाच्याच तयार उत्तरात बसत नव्हतं. थांबलेल्यांपैकी घोडा विकलेले फार थोडे. काही जण आता फक्त रपेटीला जात होते, रिंगणाची कटकट नको म्हणून. काही जण जमिनीवरून घोड्याला शिकवण्यात रमले होते: दोराने, बक्षीस देऊन, कधी मोकळं सोडून. दोघा-तिघांनी घोड्यावर बसणंच सोडलं होतं. घोडा पाळायचे, फिरवायचे, पण पाठीवर बसायचे नाहीत. आणि एक मोठा गट असा होता, ज्यांना स्पर्धा हवी होती पण शो क्लास नको होता. त्यांचं म्हणणं साधारण एकच होतं: जो घोडा मला अवघडलेला दिसतो तोच पहिला येतो, मग माझा घोडा तसा करायचा का?

बसणं सोडलेल्यांवर बैठकीत हशा पिकला. "मग गायच पाळा की!" असं एकजण म्हणाला. खजिनदार बाई शांतपणे म्हणाल्या की हे लोक चारा, नालबंद आणि डॉक्टर यांचे पैसे वेळेवर देतात, हसणाऱ्यांपैकी दोघांची थकबाकी आहे. हशा थांबला.

समोरचे पर्याय

चार पर्याय चर्चेत आले.

फी उतरवायची. सोपं होतं, पण फोनमधून जे कळलं त्याच्याशी जुळत नव्हतं. शिवाय उरणारा पैसाच गेला असता.

शोला मेळ्याचं रूप द्यायचं: गाणी, स्टॉल, मुलांचे खेळ. प्रेक्षक वाढले असते. रिंगणात मात्र तीनच घोडे राहिले असते, आणि मोठ्या आवाजात ते बिथरले असते.

शो क्लास बंद करून फक्त उड्या ठेवायच्या. याला तरुणांचा पाठिंबा होता. पण उड्यांसाठी तंदुरुस्त, तरुण घोडा लागतो. बऱ्याच सदस्यांचे घोडे वयस्क होते, त्यांनी काय करायचं?

आणि चौथा, सगळ्यांत नावडता पर्याय: काय पाहून मार्क द्यायचे तेच बदलायचं.

ज्येष्ठ जजांचा विरोध समजण्यासारखा होता. त्यांचा मुद्दा असा की आज्ञेतला घोडा हा सुरक्षित घोडा असतो. पाचशे किलोचं जनावर आपल्या मनाने वागायला लागलं तर माणसं मरतात. शोमधली शिस्त ही त्या सुरक्षिततेची परीक्षा आहे. हा मुद्दा मला आजही अर्धा पटतो. उरलेला अर्धा असा, की गप्प घोडा आणि शांत घोडा यांत फरक असतो. दुखण्यातून सुटका नाही हे कळलेलं जनावरही गप्पच असतं.

कोंडी फुटली ती एका वाचनामुळे. एका तरुण प्रशिक्षिकेने ड्रेसाजच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला उतारा मोठ्याने वाचला: घोड्याचं डोकं साधारणपणे उभ्या रेषेच्या किंचित पुढे असावं आणि कानांमागचा माथा हा मानेचा सर्वांत उंच भाग असावा. मग तिने गेल्या शोच्या विजेत्यांचे फोटो टेबलावर मांडले. बहुतेकांत हनुवटी छातीकडे ओढलेली, मान मधूनच मोडल्यासारखी, आणि सर्वांत उंच भाग माथ्याच्या बराच मागे. ती म्हणाली, "नवं काही करायचं नाहीये. पुस्तकात आहे तेच पाहायचंय."

ज्येष्ठांना 'सुधारणा' नको होती, पण पुस्तकाला ते नाही म्हणू शकत नव्हते. हा युक्तिवाद आधी कुणाला सुचला नव्हता. सुचला असता तर दोन बैठका वाचल्या असत्या.

काय केलं

पहिला बदल नोजबँडचा. घोड्याच्या नाकावरून जाणारा हा पट्टा घट्ट आवळला की तोंड उघडत नाही. बिट, म्हणजे लगामाची तोंडातली दांडी, टोचत असेल, स्वाराचा हात कडक असेल, तर घोडा तोंड उघडून सांगतो. पट्टा आवळला की तेवढीच खूण दिसेनाशी होते आणि जजला सगळं छान दिसतं. नाकाच्या हाडावर दोन बोटं जातील इतकी जागा हवी, हा जुनाच नियम. आयर्लंड, इंग्लंड आणि बेल्जियममधल्या स्पर्धांतल्या ७५० घोड्यांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दोन बोटांची जागा फक्त ७ टक्के घोड्यांना होती, आणि ४४ टक्के घोड्यांच्या पट्ट्याखाली बोट शिरतच नव्हतं. क्लबने निमुळती मोजपट्टी आणली आणि ती नाकाच्या हाडावर, समोरच्या बाजूने सरकवायची असं ठरवलं. गालाच्या मऊ भागावर मोजलं तर कुणाचीही दोन बोटं जातात. एफईआयनेही २०२५ मध्ये आपल्या स्पर्धांसाठी मोजण्याचं एकसारखं साधन आणलं, त्यामुळे पुढे हा वाद मिटला.

दुसरा बदल सरावाच्या रिंगणाचा, आणि खरा कस इथेच लागला. जे काही वाईट घडतं ते जजसमोर घडत नाही, आधीच्या अर्ध्या तासात घडतं. क्लबने तिथे एक स्टुअर्ड, म्हणजे देखरेख करणारा माणूस, नेमला आणि त्याच्या हातात इशाऱ्याचं पिवळं कार्ड दिलं. काय पाहायचं हे शिकवायला एक पशुवैद्य आले. ब्रिटिश पशुवैद्य सू डायसन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीचा त्यांनी आधार घेतला. स्वाराखाली चाललेल्या घोड्याच्या चोवीस वर्तनखुणा त्यात आहेत: कान पाच सेकंदांहून जास्त मागे, तोंड पुन्हा पुन्हा उघडणं, शेपटी जोरात फटकारणं, नजर एकाच ठिकाणी रोखलेली. आठ किंवा अधिक खुणा दिसल्या तर हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता बरीच. पशुवैद्यांनी बजावलं की यावरून रोगनिदान करायचं नाही. खुणा जास्त दिसल्या तर स्वाराला बाजूला घेऊन सांगायचं, घोडा दाखवून घ्या. बाद करायचं नाही. मला हे धोरण थोडं मवाळ वाटलं, पण हौशी स्टुअर्डच्या हाती याहून जास्त अधिकार देणं धोक्याचं होतं, हेही खरं.

तिसरा बदल वजनाचा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत. यामागे २००८ मधला एक छोटा अमेरिकन अभ्यास होता. आठ घोड्यांवर १५, २०, २५ आणि ३० टक्के वजन ठेवून त्यांना चालवलं, तेव्हा २५ आणि ३० टक्क्यांना स्नायूंचा त्रास स्पष्ट दिसला. आठ घोडे म्हणजे काही शेवटचा शब्द नव्हे, पण कुठेतरी रेघ मारायला हवी होती. घोड्याचं वजन फितीने काढायचं ठरलं: छातीच्या घेराचा वर्ग गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८८०. घेर १८० आणि लांबी १६० असलेला घोडा साधारण ४३६ किलोचा येतो. म्हणजे त्याच्यावर खोगिरासकट ८७ किलो.

थोबाडावरचे केस न कापण्याचा नियम एका ओळीत संमत झाला. त्यावर कुणी चर्चाही केली नाही.

शेवटचा बदल हा नव्या क्लासचा. 'हाताळणी' असं साधं नाव ठेवलं. घोडा हातात धरून ताडपत्रीवरून न्यायचा, चारी पाय एकेक करून उचलून दाखवायचे, चढायच्या पायरीशी दोर सैल सोडून उभा करायचा, आणि शेवटी गाडीत चढवून उतरवायचा. वेण्या नकोत, तेल नको. मार्क घोड्याच्या उत्सुकतेला आणि माणसाच्या सबुरीला. शिवाय प्रत्येकाला जजचा कागद हातात मिळणार, का किती मार्क दिले ते लिहून.

शोच्या दिवशी

दोन प्रसंग नोंदवण्यासारखे आहेत.

वजनकाटा प्रवेशद्वाराशी ठेवला होता, उघड्यावर, आणि मागे रांग. एक मध्यमवयीन बाई, अनेक वर्षांच्या सदस्य, काट्यावर उभ्या राहिल्या. स्वयंसेवकाने आकडा मोठ्याने सांगितला, कारण टेबलावरच्या मुलाला लिहून घ्यायचा होता. मर्यादेपेक्षा थोडंसंच जास्त भरलं होतं. बाईंनी हेल्मेट काढलं, घोड्याचा लगाम मोतद्दाराच्या हातात दिला आणि त्या थेट गाडीत जाऊन बसल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी सदस्यत्व सोडलं. नियम बरोबर होता, अंमल निर्दयी होता.

दुसरा प्रसंग सरावाच्या रिंगणातला. क्लबला दरवर्षी मोठी देणगी देणाऱ्या तबेल्याचा प्रशिक्षक घोड्याची हनुवटी छातीला टेकवून फेऱ्यांमागून फेऱ्या मारत होता. स्टुअर्डने एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा कार्ड काढलं. प्रशिक्षक हसून म्हणाला, "तुझं वय काय रे?" स्टुअर्डचा हात थरथरत होता, पण त्याने कार्ड खाली घेतलं नाही.

अर्ध्या तासात देणगीदारांचा अध्यक्षांना फोन आला. अध्यक्षांपुढे दोनच रस्ते होते, त्यांनी तिसरा काढला: कार्ड कायम, पण सूचनाफलकावर नाव लावायचं नाही. स्टुअर्डला वाटलं आपल्याला तोंडघशी पाडलं. देणगीदारांना वाटलं आपला अपमान झाला. नियमात नाव लावण्याबद्दल काही लिहिलेलंच नव्हतं, म्हणून ही पळवाट मिळाली.

परिणाम

पहिल्या वर्षी एंट्री आणखी घटल्या. देणगीदार तबेला त्याच्या सगळ्या घोड्यांसह गेला. शो तोट्यात गेला आणि शिकवणीच्या घोड्यांच्या चाऱ्यासाठी सदस्यांकडून वर्गणी काढावी लागली. 'आधीचंच बरं होतं' म्हणणाऱ्यांचा आवाज वाढला. मात्र हाताळणीचा क्लास संध्याकाळपर्यंत संपेना, इतक्या एंट्री त्यात होत्या.

दुसऱ्या वर्षी शो एका दिवसाचा केला. थांबलेल्यांपैकी बरेच परतले, बहुतेक हाताळणी आणि साध्या उड्यांसाठी. रिंगणात आलेल्या घोड्यांची एकूण संख्या जुन्या चांगल्या वर्षांच्या जवळ गेली, पण कार्यक्रमपत्रिका ओळखू येणार नाही इतकी बदलली. खोगिरावरचा शो क्लास भरला नाही. अजूनही त्यात मोजकेच घोडे असतात. तो क्लास परत उभा करायचा हा हेतू असेल, तर हा प्रयोग फसला असंच म्हणावं लागेल.

सगळ्यांत आवडलेली गोष्ट अनपेक्षित होती: जजचा कागद. 'उजव्या वळणावर घोडा जीभ बाहेर काढतो, दात तपासून घ्या' असं एका कागदावर लिहिलं होतं. तपासणीत दाढेला धारदार टोक निघालं. ती गोष्ट क्लबभर झाली आणि जज हा निवाडा करणाराच नव्हे तर कामाचाही माणूस वाटू लागला. जे ज्येष्ठ जज सुरुवातीला विरोधात होते त्यांचे कागद सर्वांत तपशीलवार असतात. त्यांची नजर आधीपासूनच तयार होती, तिला लिहायला जागा नव्हती.

क्लबचा हिशेब मात्र अजून बसलेला नाही. शिकवणीचे पैसे खोगिरावरच्या तासावर ठरतात. जमिनीवरून शिकणाऱ्याकडून तेवढेच घ्यायचे का, यावर दोन मतं आहेत. घोडा तोच, चारा तोच, शिकवणाऱ्याचा वेळही तोच. तरी 'बसायला मिळालं नाही, मग पूर्ण पैसे का?' हे विचारणारे पालक आहेत.

काय वेगळं करता आलं असतं

वजनाची तपासणी आधीच्या आठवड्यात, बंद खोलीत, फीत आणि काटा दोन्ही घेऊन करता आली असती. जास्त भरलं तर दुसरा घोडा देता आला असता किंवा हाताळणीचा क्लास सुचवता आला असता. यात एक पैसा जादा लागत नव्हता.

देणगीदारांशी शोच्या आधी बोलायला हवं होतं. ते कदाचित तेव्हाही गेले असते, पण तोटा अंदाजपत्रकात दिसला असता. कार्डावरचं नाव लावायचं की नाही, हे नियमात लिहूनच ठेवायला हवं होतं. अवघड निर्णय अध्यक्षांच्या फोनवर सोडला की तो नेहमी अर्धाच होतो.

स्टुअर्ड म्हणून वीस-बावीस वर्षांच्या मुलाला एकटं उभं करणं बरोबर नव्हतं. शेजारी एखादे ज्येष्ठ जज असते तर वय विचारायची हिंमत झाली नसती. दुसऱ्या वर्षापासून जोडी असते, एक तरुण आणि एक जुने.

आणि एक पर्याय फारच लवकर फेटाळला गेला असं मला वाटतं: शो एक वर्ष थांबवणं. त्या वर्षात जजांचं प्रशिक्षण, नियम आणि पैशांची सोय हे सगळं झालं असतं. 'परंपरा खंडित होईल' या एका वाक्याने तो विषय बाजूला पडला. तीन घोड्यांच्या रिंगणात परंपरा किती उरली होती, हे कुणी विचारलं नाही.

पुढच्या शोसाठी एक मागणी प्रलंबित आहे. तोंडात बिट नसलेला लगाम खोगिरावरच्या क्लासमध्ये चालावा, असं काही स्वारांचं म्हणणं आहे. जजांमध्ये दोन विरुद्ध दोन अशी फळी आहे, विमा कंपनीचं उत्तर आलेलं नाही, आणि ज्येष्ठ जजांनी एक अट घातली आहे: ज्याला हवं त्याने आधी सरावाच्या रिंगणात, इतर घोडे असताना, कँटरवरून आपला घोडा थांबवून दाखवावा. मागणी करणाऱ्यांनी ती अट मान्य केली आहे, चाचणीची तारीख ठरायची आहे.